प्रवाळ-मत्स्यालयातील कॅल्शियम व अल्कता

खाऱ्या पाण्याच्या टाकीत अश्मप्रवाळ जगवायचे, तर सांगाडा बांधण्यासाठी ते सतत उचलत असलेले कॅल्शियम व कार्बोनेट तितक्याच प्रमाणात पाण्याला परत द्यावे लागते. मुख्यतः कार्बोनेटांमुळे येणाऱ्या, आम्ल पचवण्याच्या पाण्याच्या क्षमतेला काही लेखक ‘क्षारता’ म्हणतात. परंतु हा शब्द लवणतेसाठीही रूढ असल्याने ‘अल्कता’ ही संज्ञा अधिक निःसंदिग्ध ठरते.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४१० मिग्रॅ. कॅल्शियम असते, तर अल्कता साधारणतः २.५ मिलिसममूल्य (मिलिइक्विव्हॅलंट), म्हणजे मत्स्यपालकांच्या नेहमीच्या एककात ७ जर्मन अंश (dKH) असते. सांगाडा वाढताना १ मिलिसममूल्य अल्कता खर्च झाली, तर कॅल्शियम अवघे २० मिग्रॅ. घटते. अल्कता दोन-पंचमांशाने उतरली तरी कॅल्शियम जेमतेम विसाव्या हिश्शाने कमी झालेले दिसते; म्हणून वारंवार मोजायची ती अल्कताच. मॅग्नेशियम (सुमारे १,३०० मिग्रॅ.) कमी पडल्यास कॅल्शियम कार्बोनेट सहज साक्याच्या रूपाने बाहेर पडून पंपावर पांढरी पुटे चढतात.

भरपाईच्या पद्धतींत चुन्याची निवळी सर्वांत साधी आहे. तिचे श्रेय सामान्यतः जर्मन अभ्यासक पीटर विल्केन्स यांना दिले जाते व काळ १९७० च्या दशकाच्या आसपासचा मानतात. मात्र चुना विरवून निवळी काढणे हे त्याहून कितीतरी जुने असल्याने, त्यांचे श्रेय मत्स्यालयातील वापरापुरतेच धरणे योग्य. फक्की चुना पाण्यात ढवळून गाळ बसू देतात आणि वरचे नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडतात, कारण रात्री टाकीचा सामू (pH) उतरतो आणि निवळीचा १२ हून अधिक असतो. भांडे उघडे राहिल्यास हवेतील कार्बन डायऑक्साइडामुळे निवळीवर पातळ, करकरीत पापुद्रा धरतो. तो तयार झाला की तितका चुना वाया गेला. कॅल्शियम क्लोराइड व खाण्याचा सोडा वेगवेगळे घालण्याची बालिंग (Balling) पद्धत आणि कार्बन डायऑक्साइडाने चुनखडीचे खडे विरघळवून ते पाणी टाकीत सोडणारे उपकरण, म्हणजे कॅल्शियम रिॲक्टर, हे अन्य पर्याय होत.

निवळी बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागीच घालता येते. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते, की टाकीचे पाणी फारसे आटत नाही. प्रवाळांची गरज मात्र तशीच राहते. अशा महिन्यांत केवळ निवळीवर विसंबणे धोक्याचे असून सोड्याची जोड द्यावी लागते. याच काळात नद्यांच्या पुरामुळे किनाऱ्याजवळच्या पाण्याची लवणता, व तिच्याबरोबर कॅल्शियमही, घटते. म्हणून खाडीलगतचे पाणी आणून टाकीत भरू नये.

कोकणातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. अश्मप्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये असल्याने येथील खडकांवरचे प्रवाळ टाकीसाठी काढता येत नाहीत.