ड्युअल एन्रोलमेंट : अमेरिकी हायस्कूलमधील कॉलेजचे अभ्यासक्रम

हायस्कूलमध्ये शिकत असतानाच विद्यार्थ्याने कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा आणि त्या एकाच अभ्यासक्रमाची क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) शाळेच्या व कॉलेजच्या अशा दोन्ही खात्यांवर जमा व्हायची, या अमेरिकेतील व्यवस्थेला ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात. टेक्सासात तिला ‘ड्युअल क्रेडिट’ म्हणतात, तर वॉशिंग्टन राज्यात ‘रनिंग स्टार्ट’. शाळेचाच शिक्षक शाळेच्याच वर्गात कॉलेजचा विषय शिकवत असेल, तर ‘कॉन्करंट एन्रोलमेंट’ हा शब्द रूढ आहे. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात देशभरातील सुमारे २५ लाख शाळकरी विद्यार्थ्यांनी असा किमान एक अभ्यासक्रम घेतला होता.

मराठी वाचकाचा इथे एक गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडे दहावी झाली की मूल ‘कॉलेजला’ जाते, पण ते ज्युनिअर कॉलेज असते. अकरावी-बारावी राज्य मंडळाच्या अखत्यारीत येते आणि तिचा एकही गुण पदवीच्या हिशेबात धरला जात नाही. अमेरिकी मूल बारावीपर्यंत शाळेतच असते. मात्र त्याने अकरावीत घेतलेला कॉलेजचा इंग्रजी रचनेचा अभ्यासक्रम थेट पदवीच्या क्रेडिट्समध्ये मोजला जाऊ शकतो. नावाला कॉलेज आणि हिशेबाने शाळा ही आपली तऱ्हा, तर तिथे जागा शाळेची आणि हिशेब कॉलेजचा.

‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे एपी परीक्षांशीही या व्यवस्थेची गल्लत केली जाते. एपी अभ्यासक्रमात मे महिन्यात एकच बाह्य परीक्षा असते, तिच्यात १ ते ५ पैकी अंक मिळतो आणि त्यावर क्रेडिट द्यायचे की नाही हे पुढचे कॉलेज ठरवते. ड्युअल एन्रोलमेंटमध्ये विद्यार्थी त्या कॉलेजचा रीतसर विद्यार्थी असतो. सत्रभराचे निबंध, चाचण्या, प्रयोग यांतून जी श्रेणी येते ती कॉलेजच्या दप्तरी कायमची नोंदली जाते. परीक्षेच्या एका दिवसाचे दडपण नाही, ही जमेची बाजू. पण पंधरा-सोळाव्या वर्षी मिळालेली ‘डी’ श्रेणी (जेमतेम उत्तीर्ण) तिशीतही ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व श्रेणींच्या अधिकृत नोंदपत्रकावर, दिसते. बोर्ड आणि सीईटीच्या वातावरणात वाढलेल्या, आता अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांनी ही गोष्ट आधी समजून घ्यावी. तिथे निकालाचा एक दिवस नसतो आणि सत्रातली प्रत्येक श्रेणी मागे राहते.

सिरॅक्यूस विद्यापीठाने १९७२ मध्ये ‘प्रोजेक्ट ॲडव्हान्स’ सुरू केला. बारावीतली बरीच मुले हायस्कूल पूर्ण करण्यापुरते विषय आधीच संपवून वर्षभर रेंगाळतात, त्यांच्यासाठी काहीतरी करा, असा आग्रह आसपासच्या शाळांच्या अधीक्षकांनी धरला होता. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारे सार्वजनिक कॉलेज) ‘मिडल कॉलेज हायस्कूल’ उभे राहिले. तिथला विचार अगदी उलट्या टोकाचा होता : शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांना कॉलेजच्या आवारातच शिकवले तर ती टिकतील. हुशारांना पुढे काढणे आणि गळणाऱ्यांना धरून ठेवणे हे दोन्ही हेतू या व्यवस्थेत सुरुवातीपासून आहेत. राज्यव्यापी कायदा प्रथम मिनेसोटाने केला, १९८५ मध्ये. गव्हर्नर रुडी पर्पिच यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. कॉलेजला जाणाऱ्या मुलामागे सरकारी पैसाही शाळेकडून कॉलेजकडे जाऊ लागला, त्यामुळे शाळांचा विरोध झाला. पैसा कोणाच्या खात्यातून जावा, हा वाद आजही बहुतेक राज्यांत थोड्याफार फरकाने चालूच आहे.

अभ्यासक्रम प्रत्यक्षात कसा उभा राहतो, हे एका राज्याच्या आधारे पाहणे सोपे. ओहायोमध्ये २०१४ च्या कायद्याने ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ ही योजना आली आणि २०१५-१६ पासून ती लागू झाली. सातवी ते बारावीचे विद्यार्थी तिला पात्र आहेत. सार्वजनिक कॉलेजात शिकल्यास विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क पडत नाही आणि पुस्तकांचा खर्च शाळा करते. पुढच्या वर्षी भाग घ्यायचा असेल, तर १ एप्रिलपर्यंत शाळेला तसा मनोदय कळवावा लागतो. शाळेने किमान दोन नमुना आराखडे तयार ठेवायचे असतात, एक १५ क्रेडिट्सचा आणि एक ३० क्रेडिट्सचा. कोणता विषय आधी आणि कोणता नंतर, हे त्यावरून मुलाला कळते. वर्षाला जास्तीत जास्त ३० क्रेडिट्स, पण त्यातही हिशेब आहे. फक्त शाळेपुरते जितके क्रेडिट मूल त्या वर्षी घेणार असेल त्याची तिप्पट ३० मधून वजा करायची आणि उरेल तेवढीच कॉलेजची मर्यादा. शाळेचे चार क्रेडिट घेणाऱ्याला १२ वजा होऊन १८ उरतात. शाळेच्या काउन्सेलरने ही वजाबाकी नोंदणीपूर्वी केली नाही, तर मर्यादेवरच्या क्रेडिट्सचा खर्च योजनेतून मिळत नाही आणि कुटुंबाच्या गळ्यात पडू शकतो.

शाळा आणि कॉलेज यांच्यातील करारात शिकवणार कोण आणि कुठे, हे लिहिलेले असते. ओहायोत कॉलेजला मिळणारा दरही त्यावरच ठरतो. वेगळा करार नसेल, तर मूल कॉलेजात जाऊन किंवा ऑनलाइन शिकल्यास पूर्ण दर, कॉलेजचा प्राध्यापक शाळेत येऊन शिकवत असल्यास निम्मा आणि शाळेचाच शिक्षक शिकवत असल्यास चौथा हिस्सा. साहजिकच आपला शिक्षक उभा करण्याकडे शाळांचा ओढा असतो. पण त्या शिक्षकाची पात्रता कॉलेजच्या प्राध्यापकाइतकी हवी. ओहायोसह मध्यपश्चिमेतील कॉलेजांना मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनने २०१५ मध्ये आपला दंडक स्पष्ट केला : त्या विषयातली मास्टर्स पदवी, किंवा दुसऱ्या विषयातली मास्टर्स आणि शिकवायच्या विषयात पदव्युत्तर पातळीची १८ क्रेडिट्स. शाळाशिक्षकांची मास्टर्स बहुधा शिक्षणशास्त्रात असते. त्यामुळे वर्षानुवर्षे उत्तम गणित शिकवणारे ग्रामीण शिक्षक एकाएकी अपात्र ठरण्याची वेळ आली. कमिशनला मुदत वाढवून द्यावी लागली. दर्जाचा आग्रह रास्त होता, पण त्याचा भार आधीच शिक्षक कमी असलेल्या शाळांवर पडला.

यानंतरचे काम शाळेच्या संगणकावर होते. विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पॉवरस्कूल किंवा इन्फिनिट कॅम्पससारख्या प्रणालीत अभ्यासक्रमाची स्वतंत्र नोंद उघडायची, तिला राज्याचा विषय-संकेतांक द्यायचा, कॉलेजचा संकेतांक आणि पूर्ण नाव लिहायचे, ‘ड्युअल क्रेडिट’ची खूण लावायची, दोन्हीकडची क्रेडिट्स भरायची आणि सरासरी काढताना श्रेणीला अधिक भार असेल तर तोही नोंदवायचा. एकाच वर्गात, एकाच तासाला काही मुले कॉलेजच्या क्रेडिटसाठी आणि काही केवळ शाळेसाठी बसलेली असतील, तर एकाच वर्गाच्या दोन वेगळ्या नोंदी लागतात. हे काम बाहेरून कारकुनी वाटते. पण मुलाच्या हाती शेवटी काय पडेल, हे बव्हंशी इथेच ठरते.

क्रेडिटचे रूपांतर घ्या. शाळेचे युनिट, म्हणजे शाळेचे एक क्रेडिट, वर्षभराच्या विषयाचे असते, तर कॉलेजचा विषय ऑगस्ट ते डिसेंबर अशा एका सत्रात संपतो. ओहायोत तीन किंवा अधिक सत्र-क्रेडिट्सचा कॉलेजचा विषय म्हणजे शाळेचे एक पूर्ण युनिट, दोन क्रेडिट्सचा दोन-तृतीयांश आणि एकाचा एक-तृतीयांश. वॉशिंग्टनमध्ये कॉलेजांची वर्षे तिमाहींत विभागलेली असतात, म्हणून तिथे पाच तिमाही-क्रेडिट्सचे एक युनिट होते. फ्लोरिडात तीन क्रेडिट्सच्या बहुतेक विषयांना अर्धेच युनिट मिळते आणि कोणत्या विषयांना पूर्ण मिळेल याची यादी राज्य प्रसिद्ध करते. ओहायोतल्या एखाद्या शाळेने सवयीने ‘एक सत्र म्हणजे अर्धे युनिट’ असे भरले, तर मुलाचे अर्धे युनिट हरवते. ते बहुधा बारावीच्या अखेरीस, हायस्कूल पूर्ण झाल्याची पात्रता तपासताना उघडकीला येते. भाराचेही तसेच. एखाद्या विषयात एपी किंवा ऑनर्सला (शाळेतल्याच वरच्या पातळीच्या वर्गाला) अधिक भार देणाऱ्या शाळेने त्याच विषयातील कॉलेज क्रेडिट प्लसलाही तितकाच भार द्यावा, असा ओहायोचा नियम आहे.

एकाच मुलाची माहिती दोन वाटांनी वर जाते. ओहायोत शाळा ती ‘एमिस’ या शिक्षण-माहिती प्रणालीत भरते आणि कॉलेज उच्च शिक्षणाच्या ‘एचईआय’ प्रणालीत. मुलाचा राज्य-क्रमांक, विषय, क्रेडिट्स आणि शिकवण्याचे ठिकाण दोन्हीकडे जुळले, तरच शाळेच्या अनुदानातून रक्कम वळती होऊन कॉलेजला मिळते. नाव एका ठिकाणी आईच्या आडनावाने आणि दुसरीकडे वडिलांच्या आडनावाने असले, मुलाने सत्राच्या सुरुवातीला विषय सोडला पण शाळेने तो काढला नाही, किंवा कॉलेजने ठिकाण ‘कॅम्पस’ लिहिले आणि शाळेने ‘हायस्कूल’, तर ती नोंद अडकते. टेक्सासात हे काम ‘पीम्स’ या राज्याच्या माहिती प्रणालीतून चालते आणि तिथे त्याला आणखी वजन आहे. भाषेत किंवा गणितात तीन, अथवा कोणत्याही विषयांत मिळून नऊ ड्युअल क्रेडिट तास मिळवलेला विद्यार्थी शाळेच्या ‘कॉलेज, करिअर आणि सैन्यसेवा-सज्जता’ या निकषात मोजला जातो. खूण लावायची राहिली, तर शाळेचे मूल्यांकनच घसरते. कॅलिफोर्नियात हीच माहिती ‘कॅलपॅड्स’ प्रणालीत जाते. केंद्रीय पातळीवर मात्र कॉलेजांकडून ड्युअल एन्रोलमेंटचे वेगळे आकडे नियमितपणे मागवणे २०२२-२३ च्या माहितीपासूनच सुरू झाले. त्याआधीची अर्धशतकाची वाढ अधूनमधून झालेल्या नमुना-पाहण्यांतूनच ओळखावी लागते.

कोणाला ही संधी मिळते, हा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी आहे. संधी दिली की ती आपोआप सगळ्यांपर्यंत पोहोचते, असे झालेले नाही. ज्या घरात कॉलेजची भाषा बोलली जाते तिथली मुले आधी अर्ज करतात. गाडी नसलेल्या घरातले मूल दुपारी वीस मैलांवरच्या कॅम्पसला जाऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये एबी २८८ हा कायदा करून कम्युनिटी कॉलेजांना हायस्कूलच्या आवारातच, केवळ त्या शाळेच्या मुलांसाठी वर्ग चालवण्याची मुभा दिली, ती एरवी मागे राहणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी दिले जाणारे केंद्राचे पेल अनुदान हायस्कूलच्या विद्यार्थ्याला मिळत नाही. २०१६ मध्ये ते काही निवडक कॉलेजांत प्रयोगादाखल देऊन पाहिले गेले. जिथे राज्य किंवा शाळा पैसे भरत नाही, तिथे शुल्क कुटुंबावरच येते.

आणखी दोन गोष्टी घरच्यांनी नोंदणीपूर्वी विचाराव्यात. पहिली माहितीच्या हक्काची. शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार कॉलेजच्या दप्तरावरचा हक्क विद्यार्थ्याचा असतो, मग त्याचे वय सोळा का असेना. आई-वडिलांनी प्राध्यापकाला फोन करून श्रेणी विचारली, तर ते सांगण्याचे टाळू शकतात. कॉलेज शाळेला माहिती देऊ शकते आणि शाळेच्या दप्तरात आलेले पालकांना पाहता येते, पण तोवर सत्र संपत आलेले असते. दुसरी गोष्ट विषय सोडण्याची. कॉलेजच्या ठरलेल्या तारखेनंतर सोडलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ म्हणून राहतो आणि पुढे त्याच कॉलेजात आर्थिक मदत मागताना ‘समाधानकारक प्रगती’ मोजली जाते तेव्हा तोही धरला जाऊ शकतो. ओहायोत श्रेणींची सरासरी (४ पैकी) २.० च्या खाली गेली किंवा एकाच सत्रात दोन विषय सोडले, तर मूल योजनेत प्रोबेशनवर, म्हणजे निगराणीखाली, जाते. नापास झाल्यास शाळा खर्च वसूल करू शकते, मात्र आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांना यातून सूट आहे.

मिळवलेली क्रेडिट्स सगळीकडे चालतात असेही नाही. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठे सहसा ती मान्य करतात. अनेक निवडक खासगी विद्यापीठे हायस्कूल पूर्ण करण्यासाठी मोजलेला विषय पुन्हा कॉलेजच्या पदवीसाठी धरत नाहीत. शिवाय हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर कॉलेजचा विषय दिसत असला, तरी पुढच्या विद्यापीठाला तो पुरावा म्हणून पुरत नाही. जिथे तो घेतला त्या प्रत्येक कॉलेजकडे स्वतंत्र अर्ज करून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवावे लागते. हा अर्ज शाळा करत नाही, विद्यार्थ्याला स्वतः करावा लागतो.