केपलर लाव्हेरानची दोन मीटरची चोरी

पेपेचं खरं नाव माहितीये का? केपलर लाव्हेरान. ग्रहांच्या कक्षांचे नियम सांगणारा योहान्स केपलर आणि मलेरियाचा परजीवी शोधून 1907 चं नोबेल मिळवणारा शार्ल लाव्हेरान, वडिलांनी दोघांची नावं एकत्र करून पोराला चिकटवली. पोरगं झालं फुटबॉलर, तोही डिफेंडर, म्हणजे समोरच्याला गोल मारू न देणारा. जन्म 1983 चा, ब्राझीलमधल्या मासेयोचा, अठराव्या वर्षी पोर्तुगालच्या मारितिमो क्लबात आला, मग पोर्तो, 2007 ला रियाल माद्रिद, तिथं तीनदा चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकली, 2016 ला पोर्तुगालसोबत युरो कप. मध्येच 2009 ला डोकं फिरलं आणि खाली पडलेल्या खेळाडूला लाथा घातल्या, 10 मॅचची बंदी बसली, तेही त्याच्याच खात्यात.

पण मला त्याचं म्हातारपण जास्त इंटरेस्टिंग वाटतं. म्हणजे फुटबॉलच्या हिशोबात म्हातारपण, नाहीतर 41 हे काय वय आहे?

5 जुलै 2024, हॅम्बुर्ग, युरोची क्वार्टर फायनल, समोर फ्रान्स. मॅच संपत आलेली असताना फ्रान्सचा मार्कस थुराम बॉल घेऊन सुटतो, वय 26, आणि शेजारी 41 चा पेपे खांद्याला खांदा लावून पळतोय, सोडतच नाही. त्या आधी चारच दिवसांपूर्वी स्लोव्हेनियाविरुद्ध हा जवळजवळ 120 मिनिटं खेळलेला. मी तो क्लिप किती वेळा बघितला असेल देव जाणे.

आता शरीर काय म्हणतं बघा. स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात, हळू चालणारे पण न थकणारे, आणि झटक्यात जोर लावणारे पण लवकर दमणारे. वय वाढतं तसे हे झटकेवाले आधी बारीक व्हायला लागतात. म्हणून चाळिशीतला माणूस मॅरेथॉन बऱ्यापैकी पळतो पण 100 मीटरला पोरं त्याला मागं टाकतात. पेपेलाही यातून सूट नव्हती, कितीही व्यायाम केला तरी.

मग जमतं कसं? साधं गणित करू. समजा स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायला धावणारा, सेकंदाला 9 मीटर पळतो, डिफेंडर 8. डिफेंडरच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत टाकलेला बॉल दोघांपासून 20 मीटरवर आहे. स्ट्रायकर साधारण 2.2 सेकंदात पोचतो, तेवढ्यात डिफेंडर 17.8 मीटर गेलेला असतो. म्हणजे फरक दोन मीटर आणि वर थोडा. वेळेत सांगायचं तर पाव सेकंदाहून किंचित जास्त, पापणी लवते तेवढाच. (सुरुवातीला वेग पकडायचा वेळ सोडून दिलाय, नाहीतर हिशोब किचकट होतो.)

बॉलला लाथ बसली हे बघून मग पाय हलवायचा म्हटलं तर डोळ्यापासून स्नायूपर्यंत निरोप पोचायलाच साधारण 0.2 सेकंद जातात. पण पास देणाऱ्याची कंबर कुठं वळतेय, टेकवलेला पाय कुठं रोखलाय, हे लाथ बसायच्या आधी दिसतं. फुटबॉलचे व्हिडिओ पास द्यायच्या आधीच थांबवून बॉल कुठं जाणार असं विचारायचे प्रयोग झालेत, त्यात अनुभवी खेळाडू नवख्यांपेक्षा जास्त बरोबर सांगतात. तो पाव सेकंद इथूनच चोरायचा. पायाने गमावलेले दोन मीटर डोळ्याने परत आणायचे, आणि हे डोळे वीस वर्षं मैदानात घातल्यावरच तयार होतात.

हेडरचंही तेच. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध कॉर्नरवर त्याने डोक्याने गोल मारला, वय 39, वर्ल्ड कपच्या नॉकआउटमध्ये गोल करणारा तोपर्यंतचा सगळ्यात वयस्कर खेळाडू. बॉल कुठं आणि कधी येणार हे ओळखून उडी मारायची, उंची नंतरची गोष्ट.

अर्थात डोळे शाबूत असून पाय पार गेलेले असतील तर उपयोग शून्य, थुरामसोबतची ती धाव नुसत्या अंदाजावर निघत नाही, पायात थोडाफार जोर शिल्लक होताच.

त्या मॅचमध्ये तो पूर्ण 120 मिनिटं खेळला आणि फ्रान्सला तेवढ्या वेळात एकही गोल मारता आला नाही. पोर्तुगाल हरलं ते पेनल्टीवर, 5-3, तेव्हा पेपे हाफलाइनवर उभा राहून बघत होता. नंतर रोनाल्डोच्या खांद्यावर डोकं टेकून रडला, आणि ऑगस्टमध्ये रिटायर झाला.