अठरा माणसांची वस्ती आणि बावीस वर्षांचा हिशेब

कॅलिफोर्नियात शोलॅम नावाचं एक खोरं आहे. त्यातून लिट्ल शोलॅम हा ओढा वाहतो आणि त्या ओढ्यावर एक लहानसा पूल आहे. पुलाच्या एका टोकाशी पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय की इथून पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, सुरू होतो. दुसऱ्या टोकाच्या पाटीवर उत्तर अमेरिकन भूपट्टाचं नाव. पूल बांधला तेव्हा सरळ होता. आज त्याच्या कठड्याकडे एका डोळ्याने रोखून पाहिलं तर तो वाकलेला दिसतो. पाया कच्चा राहिला म्हणून हे झालेलं नाही. पुलाची दोन टोकं दोन वेगवेगळ्या भूपट्टांवर उभी आहेत आणि ते भूपट्ट एकमेकांना घासत उलट दिशांना चालले आहेत.

पूल ओलांडला की पार्कफील्ड लागतं. गावाच्या पाटीवर लोकसंख्या लिहिली आहे १८. एक खाणावळ, एक छोटं विश्रामगृह, शाळा, आजूबाजूला ओकची झाडं आणि गुरं चारायची कुरणं. गावाला स्वतःची नगरपालिका नाही, महापौर नाही. अमेरिकेत अशा असंख्य वस्त्या आहेत, ज्यांनी स्वतंत्र नगर म्हणून नोंदणीच केलेली नाही. त्यांचा कारभार थेट काउंटीकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या यंत्रणेकडे असतो. पार्कफील्डच्या बाबतीत ती मॉन्टरे काउंटी. आपल्याकडची एखादी वाडी असते ना, नाव आहे, पण ग्रामपंचायत मात्र शेजारच्या गावाची, तसंच काहीसं.

या मुलखात मूळचे सालिनन लोक. पुढे एकोणिसाव्या शतकात जमिनी मिळवायला आलेले शेतकरी आणि खाणींच्या आशेने आलेले लोक इथे वसले. वस्तीला रसेल्सव्हिल म्हणत, पण पोस्टखात्याने ते नाव नाकारलं. मग आजूबाजूची ओकची झाडं एखाद्या उद्यानासारखी दिसतात म्हणून पार्कफील्ड हे नाव ठरलं आणि १८८४ साली पोस्ट ऑफिस उघडलं. तेव्हा इथे शेकड्यांनी माणसं होती. खाणी थंडावल्या, माणसं पांगली, १९५४ साली पोस्टही बंद झालं. अशा कहाण्या अमेरिकेच्या पश्चिम भागात ठिकठिकाणी सापडतील. पार्कफील्ड विस्मरणात गेलं नाही ते केवळ त्याच्या पायाखालच्या जमिनीमुळे.

सॅन आंद्रेयास भ्रंश सुमारे १,२०० किलोमीटर लांब आहे. भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या सापेक्ष सरकलेल्या असतात. या भ्रंशाच्या पश्चिमेचा भाग वायव्येकडे चालला आहे. किती? पार्कफील्डच्या वायव्येला पिनॅकल्स नावाचे ज्वालामुखी खडकांचे सुळके आहेत, आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. त्या खडकांचा जुळा भाऊ सापडला भ्रंशाच्या पलीकडच्या बाजूला, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला नीनाक इथे. दोन्ही खडक सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे, एकाच ज्वालामुखीचे. आज त्यांच्यात ३०० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. माणसाच्या हिशेबात हे वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर.

पण हे सरकणं सगळीकडे सारखं नाही. शहाबादी फरशीवरून धान्याने भरलेलं लोखंडी कपाट ढकलून पाहा. जोर लावा, ते हलत नाही. आणखी जोर लावा, हलत नाही. मग एकदम हिसक्याने दीड वीत पुढे जातं. तो हिसका म्हणजे भूकंप. आता कपाटाच्या पायांखाली साबणाचं पाणी ओता. कपाट फारसा आवाज न करता सरकत राहील. पार्कफील्डच्या वायव्येला भ्रंशाचा सुमारे दीडशे किलोमीटरचा भाग असाच गुपचूप सरकत असतो, तिथे मोठे भूकंप होत नाहीत. आग्नेयेकडचा भाग मात्र अडकून बसलेला आहे. तो शेवटचा सुटला ९ जानेवारी १८५७ रोजी. ७.९ महत्तेचा तो भूकंप पार्कफील्डजवळून सुरू झाला आणि जमीन साडेतीनशे किलोमीटर फाटत गेली. (महत्ता म्हणजे भूकंपात मोकळ्या झालेल्या ऊर्जेचं माप, वर्तमानपत्रं ज्याला अजून रिश्टर म्हणतात ते.) सरकणारा भाग संपतो आणि अडकलेला भाग सुरू होतो, नेमक्या त्या सांध्यावर ही अठरा माणसांची वस्ती आहे.

सांध्यावर मध्यम भूकंप होतात, आणि इथे ते ठरावीक काळाने होत असल्यासारखे दिसले. १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६. प्रत्येक वेळी महत्ता सहाच्या आसपास (१८५७ साठी त्या मोठ्या भूकंपाच्या थोडं आधी बसलेला धक्का धरतात). सरासरी अंतर बावीस वर्षं. साम्य तेवढ्यावर थांबत नव्हतं. १९२२, १९३४ आणि १९६६ या तिन्ही भूकंपांचे आलेख नेदरलँड्समधल्या दे बिल्ट या वेधशाळेत नोंदले गेले होते. ते शेजारी शेजारी ठेवले तर एकाच भूकंपाच्या तीन प्रती वाटाव्यात इतके सारखे. १९३४ आणि १९६६ मध्ये मुख्य धक्क्याच्या आधी बरोबर १७ मिनिटांनी ५.१ महत्तेचा पूर्वधक्का बसला होता. १९६६ च्या भूकंपाआधी नऊ तास भ्रंशावरून जाणारा पाण्याचा नळ फुटला होता, आणि काही दिवस आधीपासून जमिनीत ताज्या भेगा दिसत होत्या.

हे सगळं एकत्र ठेवलं की कोणाही शास्त्रज्ञाचे हात शिवशिवतील. विल्यम बाकून आणि ॲलन लिंड यांनी हिशेब मांडला आणि अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८५ साली तो जाहीर केला. पुढचा भूकंप १९८८ च्या आसपास, आणि १९९३ च्या आत तो होण्याची शक्यता ९५ टक्के. अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने अधिकृतपणे मान्य केलेलं असं वैज्ञानिक भाकीत त्याआधी झालं नव्हतं.

त्या हिशेबातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९२२ नंतरचा भूकंप बावीस वर्षांनी, १९४४ च्या सुमाराला यायला हवा होता. तो दहा वर्षं आधीच आला. मग असं मानलं गेलं की १९३४ चा भूकंप मोठ्या पूर्वधक्क्यामुळे वेळेआधी सुटला, आणि त्यानंतर १९६६ पासून गाडी पुन्हा रुळावर आली. हे शक्य नव्हतं असं नाही. पण सहाच आकड्यांपैकी एक आकडा बसत नसताना नियमावर इतका विश्वास टाकणं मला धाडसाचं वाटतं. त्यांना दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. पूर्वकल्पना अशी मांडायची की ती चुकली तर सगळ्यांना दिसावं, हे त्यांनी केलं आणि ते फार थोडे लोक करतात.

मग पार्कफील्डच्या टेकड्यांवर यंत्रांची पेरणी झाली. भ्रंशावर आडव्या तारा ताणून सरकणं मोजणारी यंत्रं. खोल बोअरमध्ये सोडलेले भूकंपमापक, जे माणसाला न जाणवणारे धक्केही पकडतात. खडक किती दाबला, किती ताणला गेला हे सांगणारे ताणमापक. विहिरींतल्या पाण्याच्या पातळ्या, चुंबकीय क्षेत्र, सगळं. कार हिल या टेकडीवरून दोन रंगांच्या लेसरचे किरण आसपासच्या टेकड्यांवर बसवलेल्या आरशांवर सोडायचे आणि कित्येक किलोमीटरचं अंतर मिलिमीटरच्या आत अचूक मोजायचं, असं काम रात्रीमागून रात्र चाले. गावकऱ्यांनीही पाण्याच्या टाकीवर रंगवलं, 'भूकंपाची जागतिक राजधानी. होईल तेव्हा इथे असा.' शास्त्रज्ञांबरोबर तेही वाट पाहू लागले.

१९८८ गेलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये ४.७ महत्तेचा धक्का बसला. हाच तो पूर्वधक्का असावा म्हणून राज्याने ७२ तासांचा इशारा दिला. वार्ताहरांच्या गाड्या गावात आल्या. बहात्तर तास उलटले, जमीन स्वस्थ राहिली. १९९३ उजाडलं आणि मुदत संपली.

त्याच १९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपले होते तेव्हा किल्लारीची जमीन हलली. तिची महत्ता होती ६.२, पार्कफील्डला ज्याची वाट पाहिली जात होती त्याच्यापेक्षा थोडीच जास्त. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. दख्खनचं पठार स्थिर, असंच तोवर शिकवलं जात होतं. तिथे वाट पाहणारं कोणी नव्हतं, यंत्रांची पेरणी नव्हती. एका वर्षातल्या या दोन गोष्टी माझ्या मनात कायम एकमेकींशेजारी उभ्या राहतात.

पार्कफील्डचा भूकंप अखेर आला २८ सप्टेंबर २००४ रोजी, सकाळी सव्वादहाला. महत्ता ६.०. वेळ सोडून बाकी बरंच काही भाकिताप्रमाणे होतं, म्हणजे तोच भ्रंश, जवळजवळ तोच तुकडा, तेवढाच आकार. पण दोन गोष्टी सपशेल वेगळ्या होत्या. १९३४ आणि १९६६ मध्ये फाटण्याची सुरुवात वायव्येच्या मिडल माउंटनकडून झाली होती आणि ती आग्नेयेकडे धावली होती. २००४ मध्ये ती उलट, गोल्ड हिलच्या बाजूने सुरू झाली. आणि १७ मिनिटं आधीचा तो पूर्वधक्का आला नाही. नळ फुटला नाही. इतक्या वर्षांत जमवलेल्या यंत्रांचे आलेख मागे जाऊन तपासले, तर शेवटच्या मिनिटापर्यंत खडकाने कोणतीही ठळक खूण दिलेली नव्हती.

पार्कफील्डचा खरा ठेवा माझ्या मते हाच आहे. भूकंपाआधी जनावरं बिथरतात, विहिरी आटतात, आकाशात उजेड दिसतो, असं घटना होऊन गेल्यावर सांगणारे पुष्कळ असतात. इथे घटनेच्या आधीपासून, सर्व बाजूंनी, उत्तम यंत्रं चालू होती. आणि त्यांना काही दिसलं नाही. म्हणून 'नाही' हे उत्तरही पक्कं मिळालं. शिवाय दुसरं बरंच काही मिळालं. चार-पाच किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी जमीन किती वेगवेगळी हादरू शकते याच्या नोंदी आज इमारतींचे आराखडे करणाऱ्यांना उपयोगी पडतात. धक्का संपल्यावरही भ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू सरकत होता. शोलॅमच्या खाली खूप खोलवर, नेहमीच्या भूकंपांच्याही खाली, मंद थरथर चालू असते हेही याच जाळ्याने पकडलं.

२००४ सालीच गावाच्या वायव्येला आणखी एक काम सुरू झालं होतं. भ्रंशाच्या आरपार बोअर मारायची. आधी सरळ खाली, मग तिरकं वळवत, तीन किलोमीटरहून जास्त खोल. २००७ साली तिथून खडकाचे नमुने वर आले. सरकणारा पट्टा काही मीटरच रुंद निघाला आणि त्यात सापडली सॅपोनाइट नावाची चिकणमाती. या नावाचं मूळ साबणासाठीच्या लॅटिन शब्दात आहे. हातात घेतली तर बुळबुळीत लागते. नेहमीच्या खडकाच्या मानाने तिचं घर्षण चौथाईच्या आसपास. कपाटाच्या पायांखालचं साबणाचं पाणी, शब्दशः.

अशी बोअर आपल्याकडेही आहे, आणि तिच्यामागचा प्रश्न तोच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं. शिवाजीसागर भरू लागल्यापासून तिथे सुरू झालेले धक्के आजही थांबलेले नाहीत, आणि ते साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या लहानशा पट्ट्यातच होतात. पुढचा धक्का कुठे बसेल हे इतकं आधी ठाऊक असलेली जागा जगात दुर्मीळ. म्हणून कोयना खोऱ्यात गोठणे इथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाली. वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण, खाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक. अभ्यासाची प्रयोगशाळा कराडला आहे. पार्कफील्डच्या अनुभवाचा इथे थेट उपयोग आहे. यंत्रं भूकंपाच्या जवळ, खाली नेऊन ठेवायची आणि तारीख सांगायची घाई करायची नाही.

२००४ मध्ये बावीस मिळवले की २०२६ येतं. पार्कफील्डसाठी अशी बेरीज करून आता वर्ष जाहीर केलं जात नाही, कारण २००४ चा भूकंपच मागच्यानंतर अडतीस वर्षांनी आला होता. बोअरमधले भूकंपमापक चालू आहेत. खाणावळीत बीफचे तुकडे भाजले जातात, वळूंच्या खेळांना वर्षातून एकदा गर्दी होते, आणि लिट्ल शोलॅमवरच्या पुलाचा कठडा दर वर्षी आणखी थोडा वाकतो.