डिसेक्शनच्या टेबलावर कोणाचा देह?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या दालनात, शिरलं की आधी प्रेत टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, मग नजर टेबलाकडे जाते. तिथला माणूस कोण, तो तिथे कसा आला, याचं उत्तर काळागणिक बदलत गेलं. शरीररचनाशास्त्राचा इतिहास मला तिथूनच वाचावासा वाटतो.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीराविषयीच्या भागात, प्रेत तपासण्याची रीत सविस्तर दिली आहे. प्रेताचे सगळे अवयव शाबूत हवेत. विषाने किंवा दीर्घ आजाराने गेलेल्याचं प्रेत नको, शंभरी गाठलेल्याचंही नको. आतड्यांतला मळ काढायचा, अंगाला मुंज गवत, झाडाची साल, दर्भ किंवा ताग गुंडाळायचा आणि पिंजऱ्यात घालून ते संथ पाण्याच्या नदीत, आडबाजूला बांधून ठेवायचं. सात रात्रींनी चांगलं कुजलं की बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासायचं आणि त्वचेपासून आतपर्यंत एकेक भाग डोळ्यांनी पाहायचा. शस्त्रांची एवढी यादी देणारा हा ग्रंथ इथे हातात कुंचा देतो! प्रत्यक्ष पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं एकत्र आलं की ज्ञान वाढतं, हेही तिथेच म्हटलं आहे. पुढे पाठांतर उरलं आणि प्रेताला हात लावणं विटाळाचं ठरलं.

युरोपात गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने मुख्यतः माकडं आणि इतर प्राणी चिरून लिहिलेलं शतकानुशतकं माणसाचं म्हणून शिकवलं गेलं. इटलीतल्या पडुआत शरीररचना शिकवणाऱ्या वेसालियसने 1543 मध्ये त्यातल्या चुका दाखवल्या.

ब्रिटनमध्ये 1752 च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह शल्यविशारदांना मिळू लागले, पण ते पुरेनात. कबरी उकरून प्रेतं विकली जाऊ लागली. एडिंबरोत 1828 मध्ये बर्क आणि हेअर यांनी तर 16 जणांचा जीव घेतला आणि देह डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या वर्गासाठी विकले. बर्कला फाशी झाली, त्याचंच विच्छेदन झालं. 1832 च्या कायद्याने हा धंदा मोडला, पण त्यासाठी बेवारस गरिबांचे देह वैद्यकशाळांना खुले केले. गुन्हेगाराची शिक्षा गरिबाच्या वाट्याला आली, असंच मला वाटतं.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात 1836 मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं. ते आधी संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवत. जातीचा रोष पत्करून त्यांनी सुरी उचलली, याचं मोल मोठं आहे. मुंबईत 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे.

आपल्याकडचा 1949 चा बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्ट हाही मुळात बेवारस मृतदेहांसाठीचाच. ज्यांच्यावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या, त्यांतल्या बहुतेकांना कोणी विचारलंच नव्हतं. देहदानाने हे बदललं. हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी आपला देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याचं आधीच ठरवून ठेवलं होतं. 2010 मध्ये चित्रकूटला त्यांचं निधन झालं आणि देह दिल्लीच्या एम्सकडे सोपवला गेला.

देहदानाचा अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. मृत्यूनंतर काही तासांत देह कॉलेजात पोचवावा लागतो आणि तो निर्णय घरच्यांच्या हातात असतो. म्हणून अर्जाची गोष्ट मुलांना आणि जोडीदाराला जिवंतपणीच सांगून ठेवायला हवी.