पी-५३

पी-५३ : पेशींची बेबंद वाढ रोखणारे प्रथिन. मानवात ते १७ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील टीपी-५३ या जनुकापासून तयार होते. त्यात ३९३ अमिनो आम्ले असतात. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते. त्यावर हजारो शोधनिबंध निघाले आहेत; मात्र पहिल्या दहा वर्षांतल्या निबंधांनी रखवालदारालाच चोर ठरवले होते.

नावातही एक घोटाळा आहे. प्रथिने जेलमधून (लिबलिबीत थरातून) विजेच्या दाबाने सरकवली की हलकी पुढे धावतात, जड मागे रेंगाळतात. या प्रथिनाचा पट्टा ५३ किलोडाल्टनच्या (रेणूचे वजन मोजण्याच्या एककाच्या) जागी थांबला म्हणून ते पी-५३. प्रत्यक्षात त्याचे वजन सुमारे ४४ किलोडाल्टन भरते. प्रोलीन या अमिनो आम्लाची त्यात एका भागात गर्दी असल्यामुळे ते जेलमध्ये उगाच अडखळते. चूक कळेपर्यंत नाव रुळले होते.

शोध १९७९ चा. माकडांत आढळणाऱ्या एसव्ही-४० या विषाणूचे ‘टी’ प्रथिन पेशींना कर्करोगी बनवते. त्याला प्रतिपिंडाने (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूने) पकडून बाहेर ओढले, की त्याला बिलगून आणखी एक प्रथिन येई, आणि ते विषाणूचे नव्हते, पेशीचे स्वतःचे होते. लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड यांनी, तर प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिन्झर आणि अर्नल्ड लेव्हीन यांनी हे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांचा गट त्याच वर्षी वेगळ्याच वाटेने, रसायनांमुळे झालेल्या उंदरांच्या अर्बुदांवरून (गाठींवरून), त्याच प्रथिनापाशी पोहोचला.

कर्करोगी पेशींत ते भरपूर, निरोगी पेशींत जेमतेम. तेव्हा संशय त्याच्यावरच जाणे साहजिक होते. १९८४ मध्ये तर पुरावाच मिळाला : ‘रास’ या कर्करोगकारी जनुकाच्या जोडीला पी-५३ दिले की प्रयोगशाळेतल्या पेशी कर्करोगी बनत. एकाहून अधिक प्रयोगशाळांनी हे दाखवले, आणि पी-५३ कर्करोगकारी जनुकांच्या यादीत जाऊन बसले.

लेव्हीन यांच्या प्रयोगशाळेतला क्लोन, म्हणजे या जनुकाची वेगळी काढलेली प्रत, मात्र ऐकेना. इतरांचे क्लोन पेशींना बिघडवत, यांचा काहीच करीत नसे. क्रम ताडून पाहिले तेव्हा एखाद्या अमिनो आम्लाचा फरक निघाला. इतरत्र वापरले गेलेले क्लोन उत्परिवर्तित, म्हणजे मूळ क्रमात बदल झालेले होते. निरुपद्रवी क्लोनच खरा, मूळचा होता. १९८९ मध्ये कॅथी फिनले, फिलिप हाइंड्स आणि लेव्हीन यांनी दाखवले, की मूळचे पी-५३ पेशींचे कर्करोगीकरण थांबवते. त्याच वर्षी बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या अर्बुदांत जनुकाची एक प्रत गळालेली आणि उरलेली बिघडलेली असल्याचे दाखवून दिले. जुन्या निबंधांतली निरीक्षणे खोटी नव्हती, ती बिघडलेल्या प्रथिनाची होती, एवढेच. अपयशी वाटणाऱ्या क्लोनचा पाठपुरावा करण्याची चिकाटी हीच या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

पुढचे निबंध भराभर आले. १९९० मध्ये ली-फ्राउमेनी विकाराच्या, म्हणजे कमी वयातच नाना कर्करोग होणाऱ्या, कुटुंबांत या जनुकाचा दोष आनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले. १९९२ मध्ये लेन यांनी त्याला ‘जनुकसंचाचा रखवालदार’ म्हटले. डीएनएला इजा झाली की पी-५३ साठते, पी-२१ सारखी जनुके चालू करते आणि पेशीविभाजन थांबवते. इजा भरून येण्याजोगी नसेल तर पेशीला मरायला लावते. एरवी एमडीएम-२ हे प्रथिन त्याला काही मिनिटांतच मोडीत काढत असते. गंमत अशी, की एमडीएम-२ चे जनुकही पी-५३ च चालू करते.

उत्परिवर्तनावरून कधी कधी कारणापर्यंत माग काढता येतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत व मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते जिथे सर्रास पोटात जाते, अशा चीनमधील आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील भागांतील यकृताच्या कर्करोगांत पी-५३ च्या नेमक्या २४९ व्या अमिनो आम्लाच्या स्थानी बदल आढळला. तसे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. हत्तीत या जनुकाच्या सुमारे २० प्रती असतात. एवढ्या अवाढव्य देहात कर्करोग कमी का, याचे काही उत्तर त्यात असावे.

विकृतिशास्त्राच्या, म्हणजे रोगट ऊती तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत पी-५३ रोज दिसते. अर्बुदाच्या पातळ कापावर प्रतिपिंड आणि रंग चढवला, की ज्या केंद्रकांत ते प्रथिन असते ती तपकिरी होतात. बिघडलेले प्रथिन मोडीत न निघता साचते, म्हणून जवळपास सगळी केंद्रके गडद तपकिरी असतील तर जनुकात उत्परिवर्तन असल्याचा संशय बळावतो. शेजारच्या निरोगी पेशींत हलका रंग आणि अर्बुद मात्र साफ कोरे, हेही तितकेच वाईट. तिथे प्रथिन बनतच नसते. कुठे फिके, कुठे गडद, मध्येच कोरे असे विस्कळीत ठिपके दिसले, तर जनुक बहुधा शाबूत असते.