रिपोर्टवरचं एम३ आलं कुठून?

लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट घ्यायला आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बऱ्याचदा हाच असतो, "एम३ लिहिलंय, म्हणजे तिसरी स्टेज का हो?" आणि विचारताना चेहरा असा उतरलेला असतो की उत्तर दोन वाक्यांत उरकावंसं वाटत नाही, म्हणून इथे नीट सविस्तर लिहितोय. अक्यूट ल्युकेमियाला, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरला, तोंडाच्या नाहीतर स्तनाच्या कॅन्सरसारख्या स्टेज नसतात, कारण एका जागी गाठ झाली आणि मग पसरत गेली असा हा प्रकारच नाही, रक्त पहिल्या दिवसापासून सगळ्या अंगात फिरत असतं. एम३ हा एका यादीतला अनुक्रमांक आहे, यादी १९७६ सालची. ती का करावी लागली, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८२७ मध्ये फ्रान्समध्ये वेल्पो नावाच्या सर्जनने एका पेशंटबद्दल लिहून ठेवलंय, ताप, अशक्तपणा, पोट फुगलेलं, पानथरी आणि लिव्हर प्रचंड वाढलेलं, आणि रक्त पेजेसारखं दाट. पुढे १८४५ मध्ये एडिंबरात जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ विरशॉ या दोघांनी थोड्याच दिवसांच्या अंतराने अशाच केसेस छापल्या. बेनेटला वाटलं रक्तात पू झालाय. विरशॉ तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा, त्याची पेशंट पन्नाशीची एक स्वयंपाकीण होती, आणि तो म्हणाला हा पू नाही, रक्तातल्याच पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात. आधी तो नुसतं "पांढरं रक्त" म्हणत होता, १८४७ मध्ये त्याच अर्थाचा ग्रीक शब्द घेऊन ल्युकेमिया हे नाव दिलं. पेशी तयार कुठे होतात हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, ते १८६८ मध्ये एर्न्स्ट नॉयमनने दाखवलं की रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये बनतं. १८८९ मध्ये एब्स्टाइनने काही आठवड्यांत माणूस जातो तो प्रकार "अक्यूट" म्हणून वेगळा काढला. म्हणजे तोवरची वर्गवारी काय, तर पेशंट किती दिवस जगला!

खरा फरक पडला तो रंगांमुळे. पाउल एर्लिखने १८७०च्या दशकाच्या शेवटी कापडाच्या रंगांच्या जातीतले रंग रक्ताच्या फिल्मवर वापरून दाखवलं की पांढऱ्या पेशी एकसारख्या नसतात, त्यांच्यातले दाणे वेगवेगळा रंग धरतात. आमच्याकडे रोज वापरतो तो लीशमन स्टेन १९०१चा, विल्यम लीशमन हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर. काम आजही तसंच चालतं, स्लाइडच्या एका टोकाला रक्ताचा छोटा थेंब, दुसरी स्लाइड तिरकी धरून एका दमात पुढे ओढायची, जिभेच्या आकाराची पातळ फिल्म येते, ती वाळली की स्टेन दोन मिनिटं, मग दुप्पट बफरचं पाणी, सात-आठ मिनिटांनी धुऊन उभी ठेवायची. मशीनने काउंट कितीही दिलेला असू दे, ब्लास्टची शंका आली की ही स्लाइड बघायलाच लागते. ब्लास्ट म्हणजे कच्ची पेशी, मोठी, जवळजवळ सगळी जागा न्यूक्लियसनेच व्यापलेली, आतला पोत तलम.

आता याच स्टेनमध्ये काही ब्लास्टच्या आत एक बारीक लालसर-जांभळी काडी दिसते, सुईसारखी, तिला आवर रॉड म्हणतात. जॉन आवरने १९०६ मध्ये तिचं वर्णन केलं आणि मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते, की त्याने त्या काड्या मोठ्या लिम्फोसाइटमध्ये (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसल्या असं लिहिलं. आज आम्ही आवर रॉड दिसली की लगेच म्हणतो हा लिम्फॉइड, म्हणजे लिम्फोसाइटच्या वाटेवरचा नाही, मायलॉइड, म्हणजे मॅरोतल्या बाकीच्या पेशींच्या वाटेवरचा आहे! चूक त्याची नव्हती हो, मायलोब्लास्ट ही पेशीच नेगेलीने जेमतेम १९०० मध्ये वेगळी ओळखली होती, नुसत्या रूपावरून दोन कच्च्या पेशी वेगळ्या करणं आजही अनुभवी माणसाला जड जातं.

आणि मॅरो तरी बघायचा कसा? बराच काळ तो पोस्टमॉर्टेमलाच नीट मिळायचा, १९२७ मध्ये लेनिनग्राडला आरिंकिनने छातीच्या हाडातून सुईने मॅरो ओढून काढायची पद्धत आणली तेव्हा कुठे जिवंत पेशंटचा मॅरो सहज स्लाइडवर यायला लागला. (आता मोठ्यांमध्ये शक्यतो कमरेच्या हाडातून घेतात.)

एम३चा माणूस पहिल्यांदा वेगळा दिसला १९५७ मध्ये, नॉर्वेत. हिलेस्टाड नावाच्या डॉक्टरने तीन पेशंट नोंदवले, ल्युकेमिया होता पण मॅरोत अगदी कच्चे ब्लास्ट नव्हते तर त्यापुढच्या पायरीच्या, दाण्यांनी गच्च भरलेल्या प्रोमायलोसाइट होत्या, आणि पेशंट ल्युकेमियापेक्षा रक्तस्रावानेच काही आठवड्यांत जात होते. अक्यूट ल्युकेमियातला सगळ्यात घातक प्रकार म्हणून त्याने तो मांडला, आणि तेव्हा ते खरंच होतं. त्या दाण्यांमधल्या द्रव्यांमुळे रक्त गोठण्याची सगळी यंत्रणाच कोलमडते, जागोजागी गुठळ्या होतात, गोठवणारे घटक आणि प्लेटलेट संपतात, मग हिरड्यांतून, नाकातून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूत रक्त जातं.

एव्हाना प्रत्येक देशात, खरं तर प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात वेगळी नावं चालत होती, त्यामुळे पॅरिसचे आकडे लंडनशी जुळवायचे कसे हाच प्रश्न. मग फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश मिळून सात हिमॅटोलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, बसले, सुमारे २०० पेशंटच्या स्लाइड बघितल्या आणि १९७६ मध्ये यादी छापली, तिन्ही देशांच्या आद्याक्षरांवरून तिला फॅब म्हणतात. (त्यातला एक अमेरिकन जॉन बेनेट, म्हणजे १८४५मध्ये पण जॉन बेनेट आणि १९७६मध्ये पण जॉन बेनेट.) लिम्फोब्लास्टिक तीन, एल१ ते एल३. मायलॉइड सहा, एम१ ते एम६. एम१मध्ये पेशी पिकतच नाहीत, एम२मध्ये थोड्या पिकतात, एम३ ही हिलेस्टाडवाली प्रोमायलोसाइटिक, एम४ आणि एम५मध्ये मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचा भाग, एम६ लाल पेशींच्या वाटेवरचा. पुढे १९८५मध्ये एम७ आणि १९९१मध्ये एम० जोडला. म्हणजे आकडा वाढला की आजार वाढला असं यात कुठेच नाही, पेशी कुठल्या वाटेवर कुठे अडकली एवढंच तो सांगतो.

लिम्फॉइडची बाजू लवकर पुढे सरकली, एल१-एल२ने उपचारात फारसा उपयोग होत नव्हता, लिम्फोसाइटच्या दोन जातींपैकी बी की टी हे जास्त महत्त्वाचं निघालं. सुरुवातीला टी पेशी ओळखायला चक्क मेंढीच्या लाल पेशी मिसळून भोवती गजरा होतो का ते बघायचे, नंतर पेशीवरच्या ठरावीक खुणेलाच चिकटणाऱ्या मोनोक्लोनल अँटीबॉडी आल्या, १९८२पासून त्या खुणांना सीडी नंबर लागले, आणि आज फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका पेशीवरच्या खुणा मोजणारी तपासणी, त्याच नंबरांवर चालते. त्यातले सीडी१९, सीडी३ आपल्या रिपोर्टवर असतात ते हेच.

मायलॉइडकडे उत्तर क्रोमोसोममधून आलं. शिकागोच्या जॅनेट राउली घरी डायनिंग टेबलवर क्रोमोसोमचे फोटो कात्रीने कापून जोड्या लावत बसायच्या. १९७७मध्ये त्यांनी दाखवलं की एम३ असलेल्यांमध्ये १५ आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे आपसात बदललेले असतात. पण त्या जागी नेमकं काय मोडलंय हे कळायच्या आत शांघायला वांग झेनयी यांनी ए व्हिटॅमिनपासून बनलेलं औषध, एट्रा, या पेशंटना द्यायला सुरुवात केली होती, १९८८मध्ये २४ पेशंट छापले, सगळ्यांचा आजार आटोक्यात आला! कच्च्या पेशी मारल्या नाहीत, पिकवल्या. कारण दोन-तीन वर्षांनी सापडलं, १७ नंबरवर मोडलेला जीन नेमका ए व्हिटॅमिनच्या रिसेप्टरचाच, तो १५ वरच्या पीएमएल जीनला चिकटून पीएमएल-रारा तयार होतो आणि पेशीचं पिकणं अडवतो. तिकडे हार्बिनला सोमल, म्हणजे आर्सेनिक वापरून असाच परिणाम मिळत होता. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने २००६मध्ये ७२ पेशंटवर सुरुवातीच्या उपचारासाठी नुसतं आर्सेनिक देऊन ८६ टक्क्यांना रेमिशन मिळाल्याचं, म्हणजे आजार आटोक्यात आल्याचं छापलं, आणि खर्च झेपत नाही म्हणून ज्यांना उपचारच मिळत नव्हते त्यांच्यासाठी हे काम फार मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं. २०१३मध्ये इटली-जर्मनीच्या ट्रायलने तर पांढऱ्या पेशी १० हजारांच्या वर नसलेल्या पेशंटना केमोशिवाय फक्त एट्रा आणि आर्सेनिक दिलं, दोन वर्षांनी ९७ टक्के लोक आजार न उलटता ठीक होते.

मग २००१मध्ये डब्ल्यूएचओने नावं पेशीच्या रूपाऐवजी जीनवर न्यायला सुरुवात केली, एएमएलसाठी (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) ब्लास्टची अट ३० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि पीएमएल-रारासारखे ठरावीक बदल सापडले तर टक्केवारी कमी असली तरी निदान पक्कं. २०२२मध्ये आणखी एक पाऊल पुढे गेलं पण तेव्हा डब्ल्यूएचओ आणि आयसीसी (इंटरनॅशनल कन्सेन्सस क्लासिफिकेशन) अशा दोन वेगळ्या वर्गवाऱ्या एकाच वर्षी आल्या, त्यामुळे काही रिपोर्टवर आता दोन्ही नावं दिसतात, घाबरू नका, आजार दोन नाहीत.

तरी एम३ हा शब्द वॉर्डात अजून जातच नाही, त्याला कारण आहे. जीनचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, रक्तस्राव वेळ देत नाही. रात्री एखादी स्लाइड लावली आणि एका पेशीत आवर रॉडची अख्खी मोळी दिसली, सरपणाची बांधावी तशी, तर पॅथॉलॉजिस्ट टाइप करत बसत नाही, थेट वॉर्डला फोन लावतो, "एम३ वाटतोय, एट्रा सुरू करा, प्लेटलेट मागवा." तिकडे पहिली कॅप्सूल जाते, आणि पीएमएल-राराचं सँपल सकाळी निघतं.