काळ्या मातीवरील रस्ते आणि जिओसिंथेटिक

कमकुवत जमिनीवर रस्ता बांधताना किंवा खचलेला रस्ता पुन्हा उभारताना माती आणि खडी यांच्यामध्ये, कधी खडीच्या थरातही, अंथरायच्या कृत्रिम कापडांना, जाळ्यांना व कप्प्यांना जिओसिंथेटिक म्हणतात. ही सामग्री बहुधा पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन किंवा पॉलिएस्टरची असते. महाराष्ट्रात तिची खरी परीक्षा दख्खनच्या काळ्या मातीत होते.

या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते आणि वाळले की आक्रसते. मे महिन्यात जिच्या भेगेत मूठ जाते, तीच जमीन श्रावणात पायातली चप्पल ओढून घेते. मातीची ताकद सांगणारा सीबीआर हा आकडा उत्तम फोडलेल्या खडीसाठी १०० धरतात. भिजलेल्या काळ्या मातीचा तो अनेकदा २-३ च भरतो. पावसाळ्यानंतर असा खचलेला रस्ता खणून पाहावा. वर डांबराचा पापुद्रा आणि खाली चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखी काळ्या चिखलात रुतलेली खडी. दर चाकागणिक दगड थोडा खाली जातो, चिखल थोडा वर येतो. पाया असा नासल्यावर वरून डांबर ओतत राहणे म्हणजे पैसा मातीत घालणे. पुढच्या पावसात चाकोऱ्या पुन्हा उमटतात.

नमद्यासारखे दिसणारे जिओटेक्स्टाइल, म्हणजे भूवस्त्र, नेमके हेच थांबवते. ते पाणी जाऊ देते, मातीचे कण अडवते आणि खडीला खडी राहू देते. मजबुतीकरणाची चर्चा जास्त होते, पण माझ्या मते काळ्या मातीत हे वेगळे ठेवण्याचे कामच पहिल्या महत्त्वाचे आहे. जिओग्रिड ही ताठ जाळी असते. तिच्या डोळ्यांत दगडाच्या कडा अडकतात आणि खडी बाजूला पसरत नाही. म्हणून डोळ्याचे माप खडीच्या मापाशी जुळावे लागते. मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे असलेला जिओसेल १९७० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी वाळूवरून वाहने नेण्यासाठी विकसित केला.

कल्पना त्याहून जुनी. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात १९२६ मध्ये रस्त्यात जाड सुती कापड घालून पाहिले होते. ‘जिओटेक्स्टाइल’ हा शब्द अभियंते जे. पी. जिरू यांनी १९७७ मध्ये रूढ केला. फुगणाऱ्या मातीबाबत टेक्सासमधील ग्राइम्स परगण्यातला अनुभव मोलाचा आहे: तिथे पुन्हा बांधलेल्या ग्रामीण रस्त्यावर जिओग्रिड घातलेल्या तुकड्यांत कडेने रस्त्याच्या लांबीला धावणाऱ्या भेगा कमी पडल्या. रस्त्याची कड आधी वाळते आणि आधी भिजते, मधला भाग मागे राहतो. त्या ओढाताणीतून या भेगा येतात.

अंथरणीत घाई चालत नाही. खालची माती सारखी करायची, खुंट आणि टोकदार दगड काढायचे, कापड सुरकुती न ठेवता ताणून पसरायचे. दोन पट्ट्यांची एकमेकींवरची पट्टी माती जितकी मऊ तितकी रुंद, साधारण ३० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत. उघड्या कापडावर डंपर घालायचा नाही. टाकलेल्या खडीवरूनच मागे येत पुढची खडी ओतायची आणि पुढे लोटायची. उन्हात कापड उघडे राहिले तर त्याची ताकद जाते. आणि साईड गटार तुंबलेले असेल तर उत्तम कापडही पाण्यात बसून राहते. भारतात या कामासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-५९ ही मार्गदर्शिका आहे.

कृत्रिम धाग्याला काथ्याचा पर्यायही आहे. २०२० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांत १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याचे भूवस्त्र वापरायचे ठरले. त्यांपैकी ३२८ किलोमीटर महाराष्ट्रात. लिग्निन हा लाकडाला ताठरपणा देणारा घटक भरपूर असल्याने काथ्या तागापेक्षा सावकाश कुजतो. भरावाखालची मऊ माती काही वर्षांत दबून घट्ट होत असेल, तर तेवढे आयुष्य पुरते. काळी माती मात्र दर पावसाळ्यात नव्याने फुगते, त्यामुळे कापड कुजल्यानंतर खडी आणि माती यांच्यामध्ये काय उरणार, हे तिथे आधीच ठरवावे लागते.